गोल मैदानाची हद्द

नवं शहर पहिल्यांदा आलं ते टेम्पोतून, आणि म्बागाच्या कचेरीच्या दारातून आत जाईना.

म्बागा म्हणजे किरिशा वॉर्डाचा सरकारी कारभारी. काही वर्षांपूर्वी किरिशा हे किबो शिखराच्या पायथ्याचं खेडं होतं. मग खालचं शहर केळीच्या बागा खात खात वर चढत आलं आणि किरिशाचा वॉर्ड झाला. बदल म्हणाल तर दोनच झाले, पाटाचं पाणी बंद झालं आणि म्बागाला शिक्का मिळाला. तर ते पांढऱ्या पुठ्ठ्याचं शहर आत जाईना म्हणून त्याने दार बिजागरीवरून काढलं, तरी जाईना. शेवटी बाहेर जकरांडाच्या झाडाखाली दोन टेबलं जोडून ते मांडलं आणि सगळ्या वॉर्डाला बघायला बोलावलं.

आइकांडे सगळ्यात पुढे उभी राहिली. एक तर तिचं वय सत्तरीला टेकलेलं, तेव्हा तिला मागे ढकलायची कुणाची छाती नव्हती. आणि दुसरं, तिला त्यात आपलं घर शोधायचं होतं.

काचेखाली सगळी घरं चार मजली होती. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. रस्त्यांवर आगकाडीएवढी पांढरी माणसं. आइकांडेने ती डोळे बारीक करून न्याहाळली. सगळी सडपातळ, सगळी चालत निघालेली. कुणाच्या डोक्यावर ओझं नाही, कुणाच्या पाठीवर पोर नाही.

"ही माणसं तर काहीच वाहून नेत नाहीयेत," ती म्हणाली. "मग खातात काय?"

लोक हसले. नियोजक सालेह साहेबही हसले, पण जरा उशिरा. साहेब समुद्रकाठचे. परदेशात शिकून आलेले, वागायला अदबशीर, बोलायला गोड. त्यांनी हातात एक बारीक छडी घेतली आणि समजावून सांगायला सुरुवात केली.

"आजी, याला म्हणतात मिश्र वापराची वस्ती. जुन्या शहरांमध्ये काय चूक झाली? घर एकीकडे, दुकान दुसरीकडे, काम तिसरीकडे. माणूस नुसता फिरत राहतो. इथे जिना उतरलं की दुकान, दुकानाशेजारी काम, कामाशेजारी शेजारी. सगळं एकात एक. जगात आत्ता सगळीकडे हेच नवीन चाललंय."

आइकांडेला यातलं नवीन काय ते कळेना. तिच्याच अंगणात काय नव्हतं? रस्त्याच्या अंगाला पत्र्याची पडवी. पडवीच्या एका टोकाला जस्टिनी न्हाव्याची खुर्ची, दुसऱ्या टोकाला फातूमाचं शिलाई मशीन. मध्ये बाकडी. त्या बाकड्यांवर दुपारनंतर आइकांडे म्बेगे विकायची. केळी आणि नाचणी आंबवून केलेली बिअर, भोपळ्याच्या कटोऱ्यातून प्यायची. रविवारी सकाळी त्याच बाकड्यांवर एक छोटी मंडळी प्रार्थनेला बसायची. प्रार्थना लांबली, की दुपारचे पिणारे बाहेर उभे राहून तेही जोरजोराने "आमेन" म्हणायचे, लवकर आटपावं म्हणून. पडवीमागे घर, घरामागे गाय, गाईमागे केळी, केळीच्या सावलीत कॉफीची झुडपं, आणि त्यांच्या मधोमध तिच्या नवऱ्याचं, एलिंगायाचं थडगं. जिनाही उतरावा लागत नव्हता.

"माझं घर कुठंय यात?" तिने विचारलं.

साहेबांची छडी शहरावरून फिरली आणि मधोमध एका गोल, रिकाम्या जागेवर टेकली. तिथे तीन बुटकी झाडं होती आणि एक बाक.

"हे आपलं गोल मैदान. उत्स्फूर्त भेटीगाठींचं ठिकाण. इथे लोक सहज भेटतील, बसतील, बोलतील."

"तिथे आत्ताच रोज पन्नास माणसं भेटतात. बसतात. बोलतात तर इतकी, की मला हाकलावी लागतात."

"हो, पण ती नियोजनाशिवाय भेटतात, आजी."

आइकांडेने मागे वळून म्बागाकडे बघितलं. म्बागा जकरांडाची फुलं मोजत होता.

मग साहेबांनी कागद वाचून दाखवला. आइकांडेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळणार होत्या. जमिनीचा मोबदला मात्र नाही, कारण मोजणीच्या कागदावर तिची जागा "हद्द नसलेली मोकळी जमीन" अशी लागली होती. आणि तेही खोटं नव्हतं. एलिंगायाच्या बापाने चारी बाजूंनी हद्द आखली होती, पण दहा वर्षांपूर्वी सरकारला रस्ता हवा होता. एलिंगाया मनाने मोठा, डोक्याने जरा लहान. त्याने तीन बाजूंची हद्दीची झाडं आपल्या हाताने उपटून रस्त्याला जागा दिली. सरकारने पाठ थोपटली. नवी हद्द काही कुणी आखली नाही. पुढच्याच वर्षी तो गेला.

"आणि एलिंगाया? त्याचं थडगं?"

"ते आपण नव्या स्मशानभूमीत सन्मानाने हलवू."

"जिवंत होता तेव्हा मला तो बाजारापर्यंत हलला नाही. तुम्ही कुठे हलवताय!"

लोक पुन्हा हसले. आइकांडे हसली नाही. नवऱ्याची कबर आणि सासऱ्याची केळी सोडून तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलेली विधवा म्हणजे खुंटीला टांगलेला डगला, हे तिला ठाऊक होतं. तिला त्या जागेतून हलायचं नव्हतं. पण न हलण्यासाठी कागद लागतो, आणि कागद म्हणत होता की तिच्या जागेला कडाच नाहीत.

पुढच्या आठवड्यात लोकसहभाग झाला. म्हणजे असं, की प्रत्येकाला तीन रंगीत टिकल्या दिल्या आणि भल्यामोठ्या नकाशावर चिकटवायला सांगितल्या. हिरवी म्हणजे हे हवं, पिवळी म्हणजे चालेल, लाल म्हणजे नको. वॉर्डातली सगळी माणसं ओळीने गेली आणि बहुतेकांनी आपली लाल टिकली गोल मैदानावर नेऊन चिकटवली, कारण दुपारची म्बेगे कुठे प्यायची हा प्रश्न सगळ्यांचाच होता. एलिंगायाचा थोरला भाऊ गाडिएली, वय ब्याऐंशी, त्याने दोन चिकटवल्या आणि तिसरी सायकलच्या ट्यूबला लावून बघितली. टिकली नाही.

महिन्याने अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की सर्वाधिक टिकल्या गोल मैदानावर पडल्या, यावरून मैदानाबद्दल नागरिकांची ओढ दिसून येते. अहवाल नुसत्या काळ्या शाईत छापला होता. त्यात लाल काय आणि हिरवी काय, सारखीच काळी.

त्यानंतर शेजारपाजारची माणसं एकेक करून सह्या करायला लागली. सही केली की माणूस घरी येऊन आपल्या हाताने आपली हद्द उपटायचा, कारण दुसऱ्या कुणी ती उपटायची नसते. आइकांडेने सही केली नाही. पण तिची सही कुणी मागितलीच नव्हती.

मग एका सकाळी सालेह साहेब मोजपट्टी घेऊन तिच्या अंगणात आले. बरोबर म्बागा.

"शिकामू, आजी," साहेबांनी वाकून थोरांना करतात तो नमस्कार केला.

"मराहबा, लेका. परत मोजायला आलास? वाढली का जागा रात्रीतून?"

"फक्त कड बघायची आहे. मोठे साहेब राजधानीतून पायाभरणीला यायचेत. घरं पाडायला अजून वेळ आहे, पण निदान मैदानाच्या कडेने काहीतरी हिरवं दिसायला हवं."

आइकांडेने चहा दिला. साहेब चहा घेता घेता गाडिएलीच्या बाजूच्या बांधाकडे बघत राहिले. जुन्या हद्दीतली तेवढी एकच बाजू शिल्लक होती. माणसाच्या कमरेएवढी झाडं, तलवारीच्या पात्यासारखी लांब हिरवी पानं, एका सरळ रेषेत.

"हे कुठलं झाड?"

"इसाले."

"पाणी किती लागतं?"

"लागतच नाही. तोडून फेकलं तर पडेल तिथे रुजतं."

"गुरं?"

"तोंड लावत नाहीत."

साहेबांचा चहा तसाच राहिला. "देशी झाड. पाणी नको, राखण नको. म्बागा, अहो हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलं? गोल मैदानाभोवती याची दुहेरी ओळ! आजी, बाराशे कांड्या मिळतील?"

"मिळतील की. पण साहेब, इसाले शोभेला लावत नसतात."

"आमच्याकडे हॉटेलांच्या दारात कुंड्यांमध्ये हेच असतं, आजी. मी ओळखतो."

"कुंडीतलं वेगळं. जमिनीत लावलं की ती हद्द होते. मग ती कुणी ओलांडत नाही."

"मला तेच तर हवंय! लोकांना कळलं पाहिजे, इथून आत मैदान."

म्बागाला ठसका लागला. त्याने चहा गरम आहे असं सांगितलं. चहा केव्हाच निवला होता.

"आणि लावताना," आइकांडे म्हणाली, "कुळातले म्हातारे लागतात. दोन्ही बाजूंचे शेजारी लागतात. प्रश्न विचारावा लागतो, उत्तर द्यावं लागतं, वरून म्बेगे शिंपावी लागते. तरच ती लागली असं म्हणतात. बघ बाबा, नंतर म्हणशील म्हातारीने सांगितलं नाही."

साहेबांनी वही काढून सगळं भराभर लिहून घेतलं. वर एक शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. लोकसहभाग.

आइकांडेने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा आरवायला ती काही कोंबडा नव्हती.

साहेब गाडीत जाऊन बसले तसा म्बागा मागे रेंगाळला. म्बागा पारे जमातीचा, आइकांडे चागा. पारे आणि चागा यांचं चेष्टेचं नातं वाडवडिलांपासूनचं. काहीही बोलावं, रागवायचं कुणी नसतं.

"काय आजी, स्वतःच्या घराभोवती लावायच्या झाडांचे पैसे घेणार तू सरकारकडून?"

"मग काय फुकट देऊ?"

"म्हणूनच चागा मेला की आधी त्याच्या कानाशी नाणं वाजवतात. उठला नाही तरच पुरतात."

"आणि पारे कोंबडीसाठी कोर्टात जातो आणि वकिलाला गाय देऊन येतो. का रे पाऱ्या, तुला तर सगळं ठाऊक होतं. तुमच्याही डोंगरात इसालेच लावतात. तू का नाही बोललास?"

"मला कुणी विचारलं? सरकारी माणूस न विचारता बोलला की त्याची बदली होते. मी या वॉर्डात सहा वर्षं आहे, आजी. उगाच नाही टिकलो."

पायाभरणीच्या दिवशी आइकांडेचं घर नाहीसं झालं. म्हणजे पाडलं नाही, झाकलं. रस्त्याच्या बाजूने चाळीस हात लांब कापड ताणलं आणि त्यावर होणाऱ्या मैदानाचं चित्र छापलेलं होतं. चित्रात गोऱ्या-काळ्या बायका छत्र्या घेऊन हसत होत्या. मोठे साहेब भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "या मोकळ्या माळावर आज..." तोच कापडामागून आइकांडेची गाय हंबरली. ते थांबले. पुन्हा म्हणाले, "या मोकळ्या माळावर..." गाय पुन्हा हंबरली. तिसऱ्यांदा त्यांनी माळ सोडून दिला आणि थेट देशाच्या प्रगतीकडे वळले.

मग लागवड. मजुरांनी आदल्या दिवशी आखणी करून ठेवलेली, आइकांडेच्या घराला, गोठ्याला, केळीला आणि कबरीला वळसा घालून पूर्ण गोल. पहिली कांडी मोठ्या साहेबांच्या हाताने. बाजूला कुळातले पाच म्हातारे, एवढ्या उन्हात कोट घालून. शेजारी तर होतेच, सही केलेलेही आणि न केलेलेही. आइकांडे म्बेगेचा भोपळा घेऊन उभी होती. गाडिएली काठी टेकत पुढे आला आणि त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "ही हद्द कुणाची? आणि आत कोण राहणार?"

मोठ्या साहेबांच्या भाषणात हा प्रश्न नव्हता. त्यांनी सालेह साहेबांकडे बघितलं. सालेह साहेब कुजबुजले, "लोकांची म्हणा."

"ही हद्द इथल्या लोकांची!" मोठे साहेब हात उंचावून गरजले. "आत इथलेच लोक राहणार! आज जे आहेत तेच!"

"ऐकलंत?" गाडिएलीने म्हाताऱ्यांना विचारलं.

"ऐकलं."

"शेजाऱ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं!" अख्खा वॉर्ड ओरडला, इतक्या जोरात की मोठे साहेब खूश झाले. आपल्या भाषणाला असा प्रतिसाद त्यांनी कधी अनुभवला नव्हता. आइकांडेने कांडीवर म्बेगे शिंपली. कटोरा सगळ्यांच्या हातून फिरला. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी पेपरात आले, नावांसकट.

कापड निघालं ते महिन्यानंतर, घरं पाडायच्या दिवशी. तोवर बाराशेच्या बाराशे कांड्या रुजल्या होत्या.

बुलडोझर सकाळीच आला. सह्या केलेली रिकामी घरं त्याने नाश्त्याच्या आत सपाट केली आणि गोल मैदानाशी येऊन थांबला. ड्रायव्हर उरियो वरच्या गावचा चागा. तो खाली उतरला, टोपी काढली, इसालेच्या ओळीला पूर्ण एक फेरी मारून आला.

"ही कुणी लावली, साहेब?"

"आम्ही," सालेह साहेब म्हणाले. "का?"

"साक्षीला कोण होतं?"

"कोण म्हणजे? स्वतः मोठे साहेब होते!"

"अरे देवा," उरियो म्हणाला, आणि किल्ली साहेबांच्या हातात ठेवून बसस्टॉपकडे चालू लागला.

दुसरा ड्रायव्हर पारे निघाला. त्याने गाडीतून उतरायचीही तसदी घेतली नाही. तिसरा पार दक्षिणेकडून मागवला. त्याला इसाले म्हणजे गवत. तो म्हणाला, एका तासाचं काम आहे, फक्त आधी जेवतो. जेवायला बसला तो जस्टिनीच्या खुर्चीशेजारी. जस्टिनीने केस कापता कापता, कुणाला उद्देशून नाही, इसाले उपटणाऱ्यांची हकीकत सांगितली. एकाचे हात कसे वाळले, एकाच्या घरात सात वर्षं पाळणा कसा हलला नाही, एकाची बायको त्याच्याच भावाबरोबर कशी गेली. शेवटची हकीकत ऐकून दक्षिणेच्या माणसाने ताट बाजूला सारलं. त्याला दोन भाऊ होते. पोट बिघडलं म्हणून तो गेला तो गेलाच.

आता आइकांडे निर्धास्त झाली असं तुम्हाला वाटेल. तीही तसंच समजत होती. पण परगावचा शहाणा माणूस एकदा ठेचाळला की खाली वाकून दगडाचा अभ्यास करतो. सालेह साहेबांनी आठ दिवस अभ्यास केला. नवव्या दिवशी सकाळी ते अंगणात आले, ते इसालेचं एक लांब पान मधोमध गाठ मारून दोन्ही हातांत धरूनच. बरोबर गाडिएली आणि कुळातले म्हातारे, साहेबांनी स्वतः गाडी पाठवून आणलेले. आणि बरोबर म्बागा, वही आणि शिक्क्यासकट.

ते पान सगळ्यांनी बघितलं. पडवीतलं शिलाई मशीन थांबलं. गाठ मारलेलं इसालेचं पान घेऊन दारात आलेल्या माणसाला चागा नाही म्हणू शकत नाही. खून केलेला आला तरी नाही. तिच्या सासूने आपल्या पोराला बुडवणाऱ्या नावाड्याला याच अंगणात माफ केलं होतं, आणि मग तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

"शिकामू, आजी," साहेब म्हणाले. आज आवाज अगदीच गोड होता. "मी इसाले घेऊन आलोय. मला कळलंय की ती नाकारता येत नाही."

"नाही येत," गाडिएली खालच्या आवाजात म्हणाला.

"तर एवढंच मागणं आहे. ही हद्द तुमच्या हाताने काढून टाका. म्बागा, लिहून घ्या. आजींची संमती, साक्षीदारांसमक्ष."

म्बागाने वही उघडली. पेनचं टोपण काढलं. आइकांडेकडे मात्र त्याने बघितलं नाही.

आइकांडे पुढे झाली. दोन्ही हातांनी तिने पान घेतलं, कपाळाला लावलं आणि बाकड्यावर बसली. तिने गाठीवरून बोट फिरवलं. गाठ घट्ट होती, शिकून मारलेली.

"घेतली," ती म्हणाली. "बोल आता."

"बोललो की, आजी. हद्द..."

"ते मागणं झालं. इसाले मागण्यासाठी नसते, लेका, माफीसाठी असते. ही गाठ कशाची मारलीस? तुझी चूक काय झाली, ती या सगळ्यांपुढे मोठ्याने सांग. मी माफ करणार. मला दुसरा रस्ताच नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "माझी तशी चूक काही नाही."

म्हाताऱ्यांमध्ये कुजबुज झाली. गाडिएलीने काठी आपटली. "चूक नसताना इसाले आणली? हीच मोठी चूक. तिच्यासाठी वेगळं पान लागेल, पोरा. आणि एक शेळी."

"बाबा, शेळी राहू द्या," आइकांडे म्हणाली. मग साहेबांकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाली, "साहेब, मी तुला अडवत नाहीये. तू माझ्या दारात गाठ घेऊन आलास. खरं काय ते बोल, नाही तर पान घेऊन परत जा. पण परत गेलास तर या गावात तुला पाणी कुणी देणार नाही. मलाही देता येणार नाही."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. जस्टिनीची खुर्ची, खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूस. फातूमाच्या मशीनवर शाळेचा निळा शर्ट. आंबत ठेवलेल्या नाचणीचा वास. मागे गाय. इतके दिवस मोजपट्टी घेऊन ते इथे आले होते, पण मोजपट्टी धरणाऱ्याची नजर टोकावर असते. मधलं त्यांनी बहुधा आज बघितलं.

"मी," ते म्हणाले आणि थांबले. "मी नकाशात ही जागा रिकामी दाखवली. ती रिकामी नव्हती."

"आणखी?"

"आणि ते मला ठाऊक होतं."

म्बागाचं पेन करकर वाजत होतं. वाजता वाजता थांबलं, आणि शिक्का धप्पकन पडला.

"माफ केलं," आइकांडे म्हणाली. तिने गाठ सोडली, पान सरळ केलं. "आणि माफ झालेली चूक पुन्हा करता येत नाही. तेवढं ठाऊक असेलच तुला, एवढा अभ्यास केलायस तर."

साहेब गडबडीने म्हणाले, "म्बागा, ते... ते लिहायची गरज नव्हती."

"साहेब, आपणच म्हणालात लिहून घ्या, साक्षीदारांसमक्ष." म्बागाने वहीवर फुंकर मारली, शाई वाळावी म्हणून. "झालं लिहून. खाली पाच अंगठे आले की पुरं. आता हे बघा, मी पडलो पारे. आमची माणसं कोंबडीसाठी कोर्टात जातात. आणि इथे तर गाय आहे, केळी आहे, कबर आहे, वर नियोजन खात्याचा कबुलीजबाब आहे. असा कागद माझ्या आजोबांना मिळाला असता तर ते आनंदानेच मेले असते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब गाडीत जाऊन बसले. जाताना मात्र त्यांनी गाडी मागे घेतली ती इसालेला धक्का लागणार नाही अशी, दोनदा उतरून बघत.

पुढचं थोडक्यात. कोर्टात कुणी गेलं नाही. राजधानीत एक बैठक झाली, तीत पेपरातला फोटो निघाला, मोठ्या साहेबांचा उंचावलेला हात निघाला, आणि नकाशातल्या गोल मैदानाच्या नावापुढे "विद्यमान" एवढा एक शब्द वाढला. सभोवती पांढऱ्या चार मजली इमारती उभ्या राहिल्या. खालच्या दुकानांची भाडी अशी ठेवली की त्यांना आजही कुलपं आहेत. वरच्या मजल्यांवर सही केलेले शेजारी राहतात. ते संध्याकाळी तीन जिने उतरून, रस्ता ओलांडून, इसालेच्या फटीतून आत येऊन आइकांडेच्या बाकड्यावर बसतात आणि गुडघे चोळतात. त्यांच्या बागांच्या जागी आता मोटारी लावायची जागा आहे आणि मोटारी कुणाकडेच नाहीत. हे ते पहिल्या कटोऱ्यानंतर सांगतात. दुसऱ्या कटोऱ्यानंतर विचारतात, आइकांडे, तेव्हा त्या गोलाची दोरी जरा लांब का नाही धरलीस? ती तिसरा कटोरा भरते.

वर्षअखेरीच्या अहवालात आलं की गोल मैदानात उत्स्फूर्त भेटीगाठी अपेक्षेनुसार होत आहेत. सालेह साहेबांना त्याबद्दल पदक मिळालं. ते अधूनमधून विद्यार्थी घेऊन येतात, शिकामू म्हणतात, चहा घेतात, आणि मुलांना सांगतात की नियोजनात मधली जागा सगळ्यात अवघड असते. आइकांडे त्यांना बिस्किटंही देते. माफ केलं म्हणजे केलं.

पुठ्ठ्याचं शहर मात्र परत आलं, दुरुस्त होऊन. या वेळी कचेरीचं दार आधीच रुंद करून घेतलं होतं. म्बागाने आइकांडेला मुद्दाम बोलावून दाखवलं. मधोमध गोलात आता एक पांढरं घर होतं, पांढरी पडवी, एक पांढरी गायसुद्धा.

"बघ आजी, तुम्हा चागांना कुठेही घुसता येतं."

"एलिंगाया कुठंय?" तिने विचारलं.

म्बागाने डोकं खाजवलं. कबर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"काच उचल."

"आजी, सरकारी मालमत्ता आहे ती."

"उचल म्हणते ना, पाऱ्या."

त्याने उचलली. आइकांडेने कमरेच्या गाठीतून इसालेच्या पानाचा शेंडा काढला आणि पुठ्ठ्याच्या घरामागे, जिथे केळी असायला हवी होती तिथे, खोचून उभा केला. मग थोडं वाकून तिने पांढऱ्या माणसांकडे पुन्हा एकदा बघितलं. ती अजून तशीच चालली होती, रिकाम्या हातांनी. अंगावर गुंडाळलेल्या कापडाला चिकटलेला नाचणीचा एक दाणा तिने नखाने काढला, जिभेवर ओला केला आणि सगळ्यात पुढच्या माणसाच्या डोक्यावर ठेवला.

"आता ठेव काच," ती म्हणाली. "निदान एक तरी जेवेल."